‘चौकशीला या’ म्हटल्यावर

पोलीस चौकशी, अटक आणि कोठडी यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत ‘संहिता’ म्हणजे १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. ‘साक्ष कायदा’ म्हणजे त्याच दिवशी लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम.

प्रश्न: रात्री साडेनऊला पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘मुलाला चौकशीला पाठवा.’ कशाबद्दल, विचारलं तर ‘इथं आल्यावर सांगतो.’ मुलगा २२ वर्षांचा आहे. अशा फोनवर जावंच लागतं का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर: नुसत्या फोनला कायद्यात किंमत नाही. बोलावण्याचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही लेखी आहेत. संशयित म्हणून बोलवायचं तर संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस लागते. बरेच वकील सवयीने अजून तिला जुन्या संहितेतल्या क्रमांकाने ‘४१-अ’च म्हणतात. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ चा लेखी आदेश लागतो. ३५(३) ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर ती बजावली असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तरीही ‘नोटीस नाही, मग येत नाही’ असं फोनवर ताठ बोलून फोन ठेवू नका. बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि ठाणं विचारून घ्या. गुन्हा दाखल झालाय का आणि झाला असेल तर त्याचा नंबर काय, हेही विचारा. मग त्याच नंबरवर मेसेज टाका: ‘आपला फोन ९.३२ ला आला. उद्या सकाळी ११ वाजता मुलगा वकिलांसह हजर राहील, कृपया नोटीस द्यावी.’ सहकार्य नाकारलं नाही आणि घड्याळही लागलं, अशी दोन्ही कामं या एका मेसेजने होतात.

रात्रीच जावं लागलं तर दोघांनी जा. एकजण बाहेर थांबेल. आत पाऊल टाकण्याआधी घरच्या ग्रुपवर ‘आत जातोय, १०.०५’ एवढं लिहा. ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ कुणाला भेटायला आलोय ते सांगा आणि स्टेशन डायरीत नोंद घ्यायची विनंती करा. नोंद घेतली नाही तरी तुमचा मेसेज राहतोच.

मिनिटांचा एवढा हिशेब कशासाठी? अटकेनंतर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं (प्रवासाचा वेळ वगळून). हे संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे आणि संहितेच्या कलम ५८ मध्येही. पण कागदावर अटक कधी दाखवायची, ते पोलिसांच्या हातात असतं. सोमवारी रात्री आत बसवलेल्या माणसाची अटक बुधवारी दुपारी दाखवली की मधले चाळीस तास कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात, आणि मारहाण बहुधा त्याच तासांत होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच एका कस्टम्स प्रकरणात सांगितलं होतं की माणसाला निघून जायची मुभा संपली त्या क्षणापासून तो अटकेत. पंचनाम्यावरची वेळ पोलिसांनी काहीही लिहिलेली असो. तो क्षण सिद्ध करायला १०.०५ चा मेसेज लागतो.

नोटीस मिळाली तर मात्र ती टाळू नका. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला त्याच गुन्ह्यात अटक करायची तर कारणं लिहून ठेवावी लागतात. हजर न राहणाऱ्याला अटक करायला ती गैरहजेरीच आधार ठरते.

घरात ज्येष्ठ किंवा स्त्रिया असतील तर एक बारकावा लक्षात ठेवा. साक्षीदार म्हणून स्त्रीला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. पण नव्या संहितेत एक पळवाट आहे: तो माणूस राजी असेल तर ठाण्यात येऊ शकतो. त्यामुळे जबाबाच्या पहिल्याच ओळीत ‘मी स्वखुशीने पोलीस ठाण्यात हजर राहून’ असं आधीच टाइप केलेलं सापडतं. ती ओळ वाचा, खोटी असेल तर खोडायला सांगा. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर (कलम १८०) सही घ्यायचीच नसते, कलम १८१ तसं सांगतं. ‘सही करा आणि घरी जा’ हे वाक्य कानावर पडलं तर हे आठवा.

प्रश्न: अमेरिकन मालिकांत पकडल्या पकडल्या ‘तुम्हाला गप्प राहायचा अधिकार आहे’ असं सांगतात. आपल्याकडे तो अधिकार आहे का? (कायद्याची विद्यार्थिनी, विलेपार्ले)

उत्तर: अधिकार आहे, पण पकडताना तो वाचून दाखवायची सक्ती नाही.

अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. हा अधिकार साक्षीच्या पिंजऱ्यापुरता नाही, पोलिसांच्या टेबलासमोरही लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात ठरवलं. संहितेचं कलम १८० ही तेच वेगळ्या शब्दांत सांगतं: प्रश्नांची खरी उत्तरं द्यायला तुम्ही बांधील आहात, ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल ते सोडून. म्हणजे नाव, पत्ता, वय यांवर गप्प बसू नका. ‘त्या रात्री तू कुठं होतास?’ यावर मात्र ‘वकिलांशी बोलून सांगतो’ हे पूर्ण कायदेशीर उत्तर आहे. बोटांचे ठसे, हस्ताक्षर या गोष्टी या संरक्षणात येत नाहीत. १९६१ चा अकरा न्यायमूर्तींचा निकाल आहे आणि तो तेव्हाच्या मुंबई राज्याच्याच खटल्यातला. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाही (२०१०). मोबाइलच्या पासवर्डबद्दल उच्च न्यायालयांचं एकमत नाही, म्हणून तिथंही वकिलांना विचारल्याशिवाय बोट लावू नका.

मालिकेतलं ते वाक्य १९६६ च्या मिरांडा निकालातून आलं. फीनिक्समध्ये पकडलेल्या अर्नेस्टो मिरांडाने दोन तासांच्या चौकशीत कबुली दिली होती. वकील मिळू शकतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ती कबुली बाद झाली. (१९६७ मध्ये कबुलीशिवाय पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला, हा भाग मालिकेत येत नाही.) पण अमेरिकेतल्या संरक्षणाला भोकं बरीच आहेत. २०१० पासून नुसतं गप्प बसणं पुरत नाही, ‘मी गप्प राहण्याचा अधिकार वापरतोय’ असं तोंडाने सांगावं लागतं. आणि पोलीस खोटं बोलू शकतात. ‘तुझा साथीदार फुटला’ अशी थाप मारून मिळवलेली कबुली तेवढ्यावरून बाद होत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच मान्य केलं. अल्पवयीन मुलांशी अशी थाप मारायला बंदी घालणारे पहिले कायदे २०२१ मध्ये इलिनॉय आणि ऑरेगनमध्ये आले.

इंग्लंडमध्ये ताकीद देतात, पण तिच्यात गाठ आहे: बोलायची सक्ती नाही, मात्र पुढे कोर्टात ज्यावर भिस्त ठेवाल ते आत्ता विचारल्यावर सांगितलं नाहीत तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते. १९९४ च्या कायद्याने गप्प राहण्यातून न्यायालयाला निष्कर्ष काढता येतो, फक्त तेवढ्या एका निष्कर्षावर शिक्षा देता येत नाही. आपल्याकडे गप्प राहणं असं अंगाशी येत नाही. कागदावर आपला कायदा इथं इंग्लंडपेक्षा उदार आहे.

प्रश्न: चौकशी चालू असताना वकील शेजारी बसू शकतो का? (कांदिवली)

उत्तर: कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ नाही. व्यवहारात कोर्टाकडून परवानगी मिळते ती बहुतेकदा ‘वकील दिसेल पण त्याला ऐकू जाणार नाही’ एवढ्या अंतराची, म्हणजे काचेच्या दाराबाहेरची खुर्ची. तीही खूप आहे. दिसणाऱ्या माणसासमोर पट्टा काढला जात नाही. इंग्लंडमध्ये वकील टेबलाशीच बसतो आणि ठाण्यातला ड्युटी सॉलिसिटर फुकट मिळतो. फ्रान्सने २०११ मध्ये वकिलाला चौकशीत बसू दिलं. जपानमध्ये आजही चौकशीच्या खोलीत वकिलाला प्रवेश नाही.

प्रश्न: पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही असं सगळेच म्हणतात. मग मारून कबूल करून घेतात ते कशासाठी? (निवृत्त शिक्षक, परळ)

उत्तर: तुमच्या प्रश्नातला ‘मग’ बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कायद्यातच आहे.

साक्ष कायद्याच्या कलम २३ प्रमाणे (जुनी कलमं २५ आणि २६) पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, आणि कोठडीत असताना दुसऱ्या कुणापुढे दिलेलीही नाही, न्यायदंडाधिकारी समक्ष हजर असल्याशिवाय. पण त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवादाची पुस्ती आहे, जुनं कलम २७. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीतला त्या वस्तूशी थेट जोडलेला भाग पुरावा म्हणून चालतो.

समजा आरोपी म्हणाला, ‘माहीमच्या खाडीजवळ दगडांखाली चाकू लपवलाय, त्याच चाकूने मी त्याला भोसकलं.’ चाकू सापडला तर पहिला अर्धा भाग चालेल, दुसरा नाही. १९४७ चा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिशकाळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाचा) कोट्टय्या निकाल आजही इथं प्रमाण आहे. आता तपास अधिकाऱ्याच्या बाजूने बघा. अख्खी कबुली मिळून उपयोग नाही, पण चाकूची जागा मिळाली तर केस उभी राहते. मारण्यामागचा हिशेब तो आहे. मारायच्या पट्ट्याला पोलिसी बोलीत ‘सत्यशोधक पट्टा’ म्हणतात, ते नावसुद्धा हेच सांगतं. जो कायदा पोलिसांच्या कागदावर विश्वास ठेवत नाही, तोच पोलिसांनी काढून दिलेल्या वस्तूवर ठेवतो. परंतुक काढून टाकावं असं आमचं म्हणणं नाही, पण ती वस्तू कशी मिळाली हे कॅमेऱ्यासमोर दाखवायची सक्ती केल्याशिवाय मारहाण थांबणार नाही.

बचावाचे वकील म्हणूनच दोन कागदांवर तुटून पडतात: निवेदन पंचनामा आणि जप्ती पंचनामा. यातल्या चुका ठरलेल्या असतात. जागा आधीच पोलिसांना ठाऊक होती, मग आरोपीच्या सांगण्यावरून ‘शोध’ लागला कसा? वस्तू सगळ्यांच्या वावराच्या उघड्या जागी होती. निवेदनात जागेचा उल्लेखच नाही, ‘दाखवतो’ एवढंच आहे. पंच त्याच ठाण्याच्या अनेक केसेसमध्ये तेच ते आहेत. निवेदन सहा वाजता संपलं आणि सहा वाजून दहा मिनिटांनी टीम पाच किलोमीटरवर पोचली, तेही मुंबईच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये.

पोलिसांपुढची कबुली चालत नाही या नियमाला मुंबईत मोठा अपवाद आहे तो मकोकाचा (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९). त्याच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरते, सहआरोपीविरुद्धही. त्यानंतर आरोपीला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेऊन मारहाणीची तक्रार आहे का ते विचारावं लागतं आणि असेल तर वैद्यकीय तपासणीला पाठवावं लागतं. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचा खटला बऱ्याच अंशी अशा कबुलीजबाबांवर उभा होता. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाचजणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत आणि त्यांतले काही भाग एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे आहेत, हे त्यातलं एक मुख्य कारण. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं त्या न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितलं. १९ वर्षांनंतर, ज्यांची माणसं त्या संध्याकाळी गेली त्यांच्याही हाती काय आलं, हा प्रश्न कबुलीवर विसंबणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

खरोखर कबूल करायचं असेल त्याला कलम १८३ आहे. तिथं न्यायदंडाधिकारी आधी समजावून सांगतात की सांगायची सक्ती नाही आणि सांगितलंत तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. सगळ्यात मोलाची तरतूद अशी की ऐन वेळी ‘नाही सांगायचं’ म्हणणाऱ्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही.

प्रश्न: भावाला अटक झाली आहे. रिमांडच्या वेळी कोर्टात नेमकं काय बोलायचं? वकील अजून ठरला नाही. (कुर्ला)

उत्तर: आधी तीन कागद बघा. अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या साक्षीदाराची सही आणि तारीख-वेळ हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासूनचा हा नियम आहे. दुसरा, अटकेची कारणं, लेखी आणि भावाला कळणाऱ्या भाषेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगितलं की ही कारणं रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. तिसरा कागद वैद्यकीय तपासणीचा.

या तिसऱ्या कागदावर जास्त लक्ष द्या. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच डॉक्टरांनी तपासून खुणा आणि त्या साधारण कधीच्या, हे लिहायचं असतं, आणि प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. प्रत्यक्षात हवालदार शेजारी उभा असतो, शर्ट काढलाच जात नाही आणि केस पेपरवर ‘नो फ्रेश इंज्युरी, तक्रार नाही’ असं उमटतं. भावाने स्वतःहून म्हणावं, ‘शर्ट काढतो, पाठ बघा, तळवे बघा.’ तळव्यांवर मारलेलं वरून दिसत नाही, दाबल्यावर दुखतं. कानशिलात बसली असेल तर ऐकू कमी येतंय हे सांगावं, कानाचा पडदा बघतात. माराचे डाग आधी लालसर, मग निळे-जांभळे, मग हिरवट-पिवळे होत साधारण दोन आठवड्यांत जातात, त्यामुळे चौथ्या दिवशीची तपासणी पहिल्या दिवसाची जागा घेऊ शकत नाही. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी, हाही बसू निकालातलाच नियम.

कोर्टात न्यायाधीश ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असं विचारतात. बहुतेकजण मागे उभ्या शिपायाकडे बघून मान हलवतात आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) ‘तक्रार नाही’ चढतं. पुढच्या सगळ्या सुनावण्यांत सरकारी वकील तीच ओळ वाचून दाखवतात. मारलं असेल तर तिथंच चार गोष्टी सांगाव्यात: कुणी, कधी, कशाने, कुठल्या खोलीत. शिव्या, आरोप, रडारड नको. ‘दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलात तपासणी व्हावी’ एवढी मागणी करावी. वकील नसेल तर ‘लीगल एडचा वकील हवा’ असं म्हणावं. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

आणखी एक बदल लक्षात ठेवा. पोलीस कोठडी (पीसीआर) एकूण १५ दिवसांचीच, पण नव्या संहितेत ती तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येते. पूर्वी पहिले १५ दिवस संपले की पोलिसांकडे परत जायची भीती संपायची. आता आर्थर रोडला पोचलेला माणूसही पुन्हा ठाण्यात येऊ शकतो.

प्रश्न: आरोपीचे एवढे लाड केले तर पोलिसांनी गुन्हे उघडकीला आणायचे कसे? जपानसारखी शिस्त हवी. (मुलुंड)

उत्तर: जपानचंच उदाहरण घेऊ. तिथं आरोपपत्राआधी माणसाला २३ दिवसांपर्यंत ठेवता येतं: पोलिसांचे ४८ तास, सरकारी वकिलाचे २४ आणि मग दहा-दहा दिवसांच्या दोन मुदती. तेवढ्या काळात जामीन नाही. १९६६ मध्ये इवाओ हाकामाडा या माजी मुष्टियोद्ध्याला चार जणांच्या खुनासाठी पकडलं. रोज तासन्‌तास चौकशी करून सुमारे तीन आठवड्यांनी कबुली मिळवली. पोलिसांनी त्याचे ४५ जबाब लिहून घेतले होते, त्यातले ४४ १९६८ मध्ये न्यायालयानेच बाद केले आणि उरलेल्या एकाचा आधार घेत फाशीची शिक्षा सुनावली. २६ सप्टेंबर २०२४ ला तो निर्दोष ठरला, वयाच्या ८८ व्या वर्षी. खरा गुन्हेगार कोण हे आजही कुणाला माहीत नाही. जपानने २०१९ पासून गंभीर खटल्यांत चौकशीचं पूर्ण चित्रीकरण सक्तीचं केलं.

इंग्लंडलाही हे ठेच लागूनच कळलं. १९७२ च्या लंडनमधल्या एका खुनात तीन पोरांच्या कबुलीवर शिक्षा झाल्या, त्या १९७५ मध्ये रद्द झाल्या आणि त्यातून पुढे १९८४ चा पोलीस आणि फौजदारी पुरावा कायदा आला. त्यात ठाण्यात तपासाशी संबंध नसलेला एक कस्टडी ऑफिसर असतो, आरोपी त्याच्या ताब्यात. चौकशी रेकॉर्ड होते. २४ तासांत सलग ८ तास झोप, साधारण दर दोन तासांनी चहापाण्याची सुट्टी. मुदत २४ तास, वरिष्ठाच्या सहीने ३६, न्यायालयाच्या परवानगीने फार तर ९६. तिथले पोलीस आधी पुरावा गोळा करतात, मग आरोपीला पूर्ण बोलू देतात आणि शेवटी विसंगती एकेक करून समोर ठेवतात. गुन्हे तिथंही उघडकीला येतात.

झोपेच्या मुद्द्यावर आपलं मुंबई उच्च न्यायालयही बोललंय. एप्रिल २०२४ मध्ये, एका ६४ वर्षांच्या माणसाचा जबाब ईडीने रात्रभर नोंदवला त्या प्रकरणात, झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि जबाब अवेळी घेऊ नयेत असं न्यायालयाने म्हटलं. जागरणाने काकुळतीला आलेला माणूस समोरच्याला हवं ते सांगतो, खरं असो वा नसो.

प्रश्न: ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज मिळतं का? तक्रार कुठं करायची? (वडाळा)

उत्तर: सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात दार, कोठडी, पॅसेज, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू असं सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने जपायला हवं, यंत्रणाच तेवढी नसेल तरी निदान वर्षभर. कॅमेरा ‘नेमका त्या दिवशी बंद’ निघतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून फुटेज मागण्याआधी ते जपून ठेवायचा अर्ज करा, पहिल्या दोन-तीन दिवसांतच. अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षक आणि त्या परिमंडळाचे उपायुक्त दोघांना द्या, पोच घ्या. तारीख, वेळ ‘पासून-पर्यंत’ आणि कॅमेऱ्याची जागा लिहा. प्रत रिमांड कोर्टात लावा. नंतर फुटेज नाही म्हणाले तर अर्ज असूनही ते का गेलं, याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं.

कबुलीसाठी दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे: सात वर्षांपर्यंत शिक्षा, जबर दुखापत असेल तर दहा. तक्रार पोलीस आयुक्तांकडे, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे किंवा सीएसएमटीसमोरच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे करता येते. आयोगाला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत साध्या कागदावर लिहिलेलं चालतं. मात्र घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग ती तक्रार घेत नाही.